घोंगडं नको, तांदूळ भिजत घाला

२०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. माझा भाजणीच्या चकलीचा व्हिडिओ यूट्यूब चॅनलवर चढला २६ नोव्हेंबरला. तोवर तुळशीची लग्नं लागायला लागली होती, घरोघरी चकल्यांचे डबे तळाला गेले होते, आणि मी लोकांना भाजणी किती वेळ भाजायची ते सांगत होते. चित्रण दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, २५ ऑक्टोबरला झालं होतं. मधले बत्तीस दिवस मी काय केलं? ओट्यामागची एक फरशी तडकलेली दिसत होती, ती कशी झाकता येईल ते शोधलं. तीन ठिकाणी ‘पाणी’चं ‘पानी’ झालं होतं, तेवढाच आवाज पुन्हा भरला. मागे वाजवायला संगीत निवडताना इतके तुकडे ऐकले की शेवटी सगळे सारखेच वाटायला लागले. आणि यातलं काहीच ज्या दिवशी करत नव्हते, त्या दिवशी ‘अजून थोडं काम बाकी आहे’ असं सांगत होते.

ज्यांनी चॅनल काढलंय, ज्यांच्या मोबाईलमध्ये चार-पाच व्हिडिओ पडून आहेत आणि ‘एकदा नीट झालं की टाकते’ हे वाक्य ज्यांच्या तोंडात बसलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. उदाहरणं स्वयंपाकघरातली आहेत, कारण मला तेवढंच येतं. तुम्ही शिवण शिकवत असाल, गडावर जात असाल, शेतातल्या ठिबकबद्दल बोलत असाल, तर तिथे तुमचं घाला.

पहिली पायरी: दुखणं नक्की कुठलं ते बघा

आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, ‘मला ना, सगळं परफेक्ट लागतं, म्हणून उशीर होतो.’ मीही सांगायचे. ऐकायला ते बरं वाटतं, आळशीपणापेक्षा तर कितीतरी बरं.

पण कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये चालढकलीवरचे आधीचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून तपासले, तेव्हा परिपूर्णतेच्या हट्टाचा चालढकलीशी संबंध फार कमी निघाला. काम कंटाळवाणं किंवा नकोसं असणं, फळ लांब असणं, ‘आपल्याला जमेल’ हा भरवसा नसणं, मन दुसरीकडे पटकन धावणं, ही कारणं त्याहून कितीतरी भारी ठरली. पुढे २०१७ मध्ये मानसशास्त्रज्ञ फ्यूशिया सिरॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हट्टाचेच दोन भाग करून पाहिले. एक भाग म्हणजे स्वतःसाठी माप उंच ठेवणं. दुसरा म्हणजे चूक होईल, लोक नावं ठेवतील ही धास्ती. उंच माप ठेवणारे उलट कमी चालढकल करतात. अडते ती धास्तीवाली मंडळी.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या सासूबाई आठवल्या. पुरणपोळीला त्यांचं माप इतकं उंच की कणकेला तेल कमी पडलं तर परात परत आत. पण सणाला पोळी ताटात पडायला कधी उशीर झाला नाही. त्यांना पोळी चांगली हवी होती. मला, व्हिडिओच्या बाबतीत, कुणी हसू नये एवढंच हवं होतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, हीच पंचाईत.

तुमचं कुठलं ते ओळखायला सोपी युक्ती आहे. पडून असलेला एक व्हिडिओ घ्या आणि स्वतःला विचारा: हा माझा आहे हे कुणालाही कळणार नसेल, जाऊबाईंना नाही, ऑफिसातल्यांना नाही, शाळेच्या ग्रुपवर नाही, तर आज टाकीन का? उत्तर ‘हो’ आलं, तर व्हिडिओ तयार आहे आणि अडलंय ते लोकांना भिऊन. उत्तर ‘नाही, कारण त्यात गुळाचं प्रमाण सांगायचंच राहिलंय’ असं आलं, तर ते खरं काम आहे, ते करा. माझ्या मोबाईलमध्ये तेव्हा सात व्हिडिओ होते. सहांचं उत्तर ‘हो’ आलं.

दुसरी पायरी: चुकून चालणार नाही अशा तीनच गोष्टी लिहा

कागद घ्या. तुमच्या विषयात काय चुकलं तर बघणाऱ्याचं नुकसान होईल, एवढंच लिहा. तीन ओळी. चौथी सुचली तर आधीच्या तिघींतली एक खोडा.

माझ्या तीन ओळी अशा:

प्रमाण बरोबर हवं, आणि ते तोंडी व लेखी दोन्हीकडे एकच हवं. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ म्हटलं, तर व्हिडिओखालच्या माहितीत तेच. मोहन जास्त झालं तर चकली तेलात तुटते, कमी पडलं तर दात हलतात. हे चुकलं तर कुणाचं तरी किलोभर धान्य वाया जातं, तेही सणाच्या तोंडावर.

कुणाला इजा होईल असं काही नको. तळणीजवळ ओला झारा नेऊ नका हे सांगायचं राहू नये. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या खाऊत मध सुचवू नये.

आवाज ऐकू यावा. चित्र थोडं अंधारं चालतं. बाई काय बोलतेय ते कळलं नाही तर माणूस पुढे जातो.

संपलं. फरशी या यादीत नाही. माझे हात, बांगड्या, मागचा मिक्सर, मध्येच झालेली कुकरची शिट्टी, खालून आलेली भंगारवाल्याची हाळी, यातलं काही यादीत नाही. आता कुठलीही सुधारणा सुचली की मी यादीकडे बघते. तिथे असेल तर करते. नसेल तर एका वहीत ‘पुढच्या वेळी’ म्हणून लिहिते आणि सोडते. वहीचा फायदा असा की मनाला वाटतं, आपण विसरलो नाही. त्यातल्या बहुतेक गोष्टी पुढच्या वेळीही केल्या नाहीत, आणि कुणाला कळलंही नाही.

तिसरी पायरी: भाषेची भीती

इथे जरा थांबते, कारण मराठीत व्हिडिओ करणाऱ्यांचं खरं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. कॅमेरा, प्रकाश, एडिटिंग ही सगळी सांगायची कारणं. पोटातली भीती असते: माझं बोलणं शुद्ध नाही.

माझं माहेर कऱ्हाड तालुक्यातलं. घरी बोलताना ‘न्हाई’, ‘हाय’, ‘लई’ असंच येतं. लग्नानंतर चिंचवडला आले, बोलणं बरंचसं बदललं. पण हात पिठात असले आणि लक्ष तेलाकडे असलं की ‘ण’चा ‘न’ होतोच. पहिल्या पाच व्हिडिओंत मी बातम्या वाचणाऱ्या बाईसारखी बोललेय. ‘आता आपण यामध्ये चवीनुसार मीठ समाविष्ट करणार आहोत.’ कुठल्या घरात मीठ ‘समाविष्ट’ करतात? ते व्हिडिओ अजून आहेत, काढले नाहीत, पण ऐकवत नाहीत.

एका कमेंटमध्ये कुणीतरी लिहिलं, ‘ताई, पाणी म्हणा, पानी नाही.’ त्यानंतर मी अडीच महिने काही टाकलं नाही. माझी भाची कॉलेजात आहे, तिने हे ऐकलं तेव्हा म्हणाली, ‘मावशी, त्या माणसाने चकली केली का, ते विचारलंस का?’

त्या दिवशी एक गोष्ट नीट लक्षात आली. पाककृतीत प्रमाण चुकता कामा नये. प्रमाणभाषा चुकली तर चकली बिघडत नाही. ‘प्रमाण’ हा एकच शब्द, आणि मी इतके दिवस नको त्या प्रमाणाची काळजी वाहत होते.

मग करायचं काय, तर हे:

पूर्ण वाक्यं लिहून काढू नका. लिहिलं की लिखित मराठी येते, आणि मग ती पाठ करताना अडखळायला होतं. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे फक्त मुद्दे आणि आकडे लिहा: ‘तांदूळ ४, ह. डाळ २, उडीद १, मंद आच, मोहन कडकडीत.’ पान समोर चिकटवा आणि शेजारच्या काकूंना सांगताय असं सांगा.

प्रत्येक भाग जास्तीत जास्त दोनदा बोला. तिसऱ्यांदा चित्रण केलं की आवाजातला जीव जातो, हे मी स्वतःच्याच व्हिडिओंत ऐकलंय. दोनपैकी बरा असेल तो ठेवा.

बोलण्यात काय येईल ते येऊ द्या, पण लिहिलेल्या शब्दांत शोधणाऱ्याचा विचार करा. एकच पदार्थ ठिकाणागणिक नाव बदलतो. करंजीला कुणी कानवला म्हणतं, गोव्यात नेवरी म्हणतात. ही सगळी नावं खालच्या माहितीत घाला. पुष्कळ लोक मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करून शोधतात, तर तेही एका ओळीत लिहा. माहितीच्या चौकटीत पाच हजार अक्षरं मावतात, जागेची काळजी नको. शुद्धलेखन तपासायचं तर ते इथे आणि शीर्षकात तपासा; दहा मिनिटांचं काम आहे आणि नंतर दुरुस्तही करता येतं.

राहिली ती कमेंट. उत्तर द्यायचं असेल तर एका ओळीत द्या: ‘आमच्याकडे असंच म्हणतात.’ मी आता एवढंच लिहिते, आणि खरं सांगायचं तर लिहिताना मजा येते.

चौथी पायरी: तारीख आधी, व्हिडिओ नंतर

ब्रिटिश इतिहासकार सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकात लिहिलं होतं की काम हे त्याला दिलेल्या वेळेइतकं फुगत जातं. त्यातलं उदाहरण मला फार जवळचं वाटतं: एक निवांत म्हातारी बाई भाचीला पोस्टकार्ड पाठवण्यात अख्खा दिवस घालवते. तासभर कार्ड शोधते, तासभर चष्मा, आणि पेटीपर्यंत जाताना छत्री घ्यावी का यावर वीस मिनिटं विचार करते. माझी तडकलेली फरशी म्हणजे तिची छत्री.

म्हणून तारीख बाहेरून आणा. आपल्याकडे तारखांना काय तोटा? भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि मागे मोजत या. संक्रांतीची गुळाची पोळी लोक जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शोधतात. कुरडया-पापड उन्हाचे, म्हणजे व्हिडिओ मार्चअखेर हवा. उकडीचे मोदक गणपतीच्या निदान दहा दिवस आधी, कारण पहिल्यांदा करणारी बाई एकदा करून बघते. भाजणी कोजागरीच्या सुमारास दळून येते, तर चकलीचा व्हिडिओ दसऱ्याला तयार पाहिजे. तुमच्या विषयाचंही असं पंचांग असतंच: पेरणीच्या आधी बियाणं, पावसाळ्याआधी गडाच्या वाटा, जूनच्या आधी शाळेचा गणवेश. सण कुणासाठी थांबत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय.

मग यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओ चढवताना ‘शेड्यूल’ निवडून दिवस आणि वेळ टाका. हे मला फार उशिरा कळलं. आधी मी व्हिडिओ खासगी ठेवायचे आणि ‘सार्वजनिक’ करायचं बटण दाबायला धीर व्हायचा नाही. शेड्यूल केलं की उलटं होतं: काही केलं नाही तर तो आपोआप जातो, थांबवायचा तर उठून काहीतरी करावं लागतं. आपला आळस पहिल्यांदाच आपल्या बाजूने उभा राहतो.

तरीही सुरुवातच होत नसेल तर? अनारशाचा आधार घ्या.

अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात. मग निथळून कापडावर सावलीत सुकवतात, किंचित ओलसर असतानाच दळतात, गुळात कालवून पीठ काही दिवस मुरत ठेवतात. एकदा तांदूळ पाण्यात पडले की पुढचं कुणाच्या मूडवर राहत नाही. चौथ्या दिवशी ते उपसावेच लागतात, नाहीतर वास मारतो. सगळ्या दिवाळीत मी अनारशांचा व्हिडिओ वेळेवर केलाय, एकदाही चुकलेला नाही, तो एवढ्याचसाठी. चकलीची भाजणी मात्र डब्यात महिनाभर निवांत बसते, आणि मीही तिच्याबरोबर.

तर प्रत्येक व्हिडिओसाठी ‘तांदूळ भिजत घालणं’ म्हणजे काय ते शोधा. अशी एक छोटी कृती, जी केल्यावर मागे फिरणं अवघड. भाजी आणून ठेवणं. शिवणवाल्यांनी कापड बेतून कापणं. मैत्रिणीला ‘शनिवारी चार वाजता मोबाईल धरायला ये’ सांगणं. विषय मनात ठेवून राहिलात तर त्याचं भिजत घोंगडं होतं. ते कितीही दिवस भिजत राहतं आणि कुणाला वासही येत नाही.

वेळ बांधायची असेल तर ‘जमेल तेव्हा’ असं ठरवू नका. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं या विषयावर बरंच काम आहे: अमुक झालं की तमुक करीन, असं आधीच जोडून ठेवलेलं काम नुसत्या संकल्पापेक्षा जास्त वेळा होतं. माझी जोडणी अशी आहे: सकाळचे डबे गेले की ओटा आवरायच्या आधी पंचवीस मिनिटं मोबाईलवर कापाकापी. ओटा आवरला की संपलंच, मग मी कपड्यांकडे जाते आणि दिवस जातो.

पाचवी पायरी: काय परत फिरवता येतं ते समजून घ्या

अर्धी भीती ‘एकदा टाकला की गेला’ या समजुतीतून येते. तसं फारसं नाही.

शीर्षक, माहिती, थंबनेल केव्हाही बदलता येतं. चढवलेल्या व्हिडिओचा एखादा तुकडा स्टुडिओतच कापून काढता येतो, एखादा भाग धूसर करता येतो. त्याला थोडा वेळ लागतो एवढंच. व्हिडिओ पुन्हा खासगी करता येतो. प्रमाण चुकीचं बोललात, तर माहितीत पहिल्या ओळीत दुरुस्ती लिहा आणि तीच स्वतःच्या कमेंटमध्ये लिहून वर टाचून ठेवा. मी एकदा रव्याच्या लाडवात साखर दुप्पट सांगितली होती, दुसऱ्या दिवशी कळलं, तुकडा कापला, दुरुस्ती टाचली.

एकच गोष्ट होत नाही: त्याच लिंकवर जुनी फाईल काढून नवी घालता येत नाही. पूर्ण व्हिडिओ नव्याने करायचा तर नवी लिंक, नवे आकडे. म्हणून तीन ओळींची यादी टाकण्याआधी वाचा, आणि बाकीच्या गोष्टींना दुरुस्तीची सोय आहे म्हणून सोडा.

सहावी पायरी: आधी तिघांना दाखवा, पण ‘कसा वाटला’ विचारू नका

व्हिडिओ ‘अनलिस्टेड’ ठेवला की लिंक ज्याच्याकडे आहे त्यालाच दिसतो. तिघांना पाठवा. एक स्वयंपाक येणारी, एक न येणारा, एक तुमच्यावर फारसं प्रेम नसलेली व्यक्ती.

‘कसा वाटला?’ विचारलंत तर दोघं ‘मस्त’ म्हणतील आणि तिसरी ‘लाईट जरा बघा’ म्हणेल. त्या एका वाक्यावर तुमचे पंधरा दिवस जातील. त्याऐवजी असं विचारा: ‘उडीद डाळ किती सांगितली मी?’ ‘चकली कडक झाली तर काय करायचं सांगितलं?’ उत्तर बरोबर आलं तर व्हिडिओ चालतो. चुकलं तर नेमकं कुठे बोलायला हवं ते कळलं. दोन दिवस थांबा, उत्तर आलं नाही तरी ठरल्या दिवशी जाऊ द्या.

सातवी पायरी: चित्रण आणि कापाकापी, पटकन

नवा मोबाईल, ट्रायपॉड, रिंगलाईट येईपर्यंत थांबू नका. यूट्यूबवरचा पहिलावहिला व्हिडिओ यूट्यूबच्याच संस्थापकांपैकी एक, जावेद करीम यांनी २३ एप्रिल २००५ रोजी टाकला. एकोणीस सेकंदांचा आहे, प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभं राहून ते हत्तींच्या लांब सोंडांबद्दल बोलतात. बस.

खिडकीकडे तोंड करून उभ्या राहा. पंखा बंद, मोबाईल विमान मोडवर, कॅमेऱ्याची काच पदराने पुसलेली. वायरच्या इयरफोनचा माइक पदराला टाचून चालतो. मोबाईल धरायला पिठाच्या डब्यावर मसाल्याचा डबा पुरतो. आधी दहा सेकंद चित्रण करून ऐका. मी एकदा संपूर्ण पुरणपोळी आवाजाशिवाय केलीय.

कापाकापी तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत नको ते काढा. दुसरीत आवाज सारखा करा. तिसरीत प्रमाणाची अक्षरं चढवा. चौथी फेरी करायची नाही. संगीत हवंच असेल तर यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतला एक तुकडा निवडा आणि वर्षभर तोच ठेवा. सिनेमातली गाणी वापरलीत तर हक्काचा दावा येतो आणि ते निस्तरण्यात आठवडा जातो. एकूण कापाकापीला मी दोन तास देते. म्हणजे पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या चार सकाळी, आणि वर थोडं.

फक्त एक गोष्ट सांभाळा: चुकलेलं चित्रण पुसून टाकू नका. अनारशांच्या पहिल्या व्हिडिओत माझे तीन अनारसे तुपात हसले होते, म्हणजे जाळी पडायच्या आधीच पसरून फुटले. गूळ जास्त झाला की होतं तसं. मी ते दृश्य लाजेने काढलं, मोबाईलमधूनही काढलं, आणि शेवटी सुंदर जाळीदार अनारसे दाखवले. खाली एकामागून एक प्रश्न यायला लागले: ‘ताई, माझे हसतायत, काय करू?’ दाखवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. पुढच्या वर्षी मुद्दाम गूळ वाढवून अनारसे हसवावे लागले. तूप वाया गेलं ते वेगळंच.

आठवी पायरी: टाकल्यावर

पहिले चोवीस तास आकडे बघू नका. मी मोबाईल मुलाकडे देते. आठवड्याने दोनच गोष्टी बघा: पहिल्या तीस सेकंदांत किती लोक टिकले, आणि कुठले शब्द शोधून लोक आले. पहिल्या आकड्यावरून कळतं की सुरुवातीचा ‘नमस्कार मंडळी’चा पाल्हाळ किती कापायचा. दुसऱ्यातून पुढच्या व्हिडिओचा विषय मिळतो. एकूण किती जणांनी पाहिला हा आकडा जपमाळेसारखा ओढत बसलात तर पुढचा व्हिडिओ सुरू होत नाही.

पैशांचं विचारतात म्हणून सांगते. यूट्यूबच्या भागीदार योजनेची पहिली पायरी ५०० सदस्यांची आहे, सोबत गेल्या ९० दिवसांत निदान ३ सार्वजनिक व्हिडिओ, आणि वर्षभरात ३,००० तासांचं पाहणं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सची ३० लाख दर्शनं. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १,००० सदस्य आणि ४,००० तास, किंवा शॉर्ट्सची एक कोटी दर्शनं. यातली ‘९० दिवसांत ३’ ही अट नीट बघा. सदस्य आणि तास लोकांच्या हातात आहेत. ही एक अट सगळी आपल्या हातात आहे, आणि पडून राहिलेला व्हिडिओ कितीही सुंदर असला तरी तो तिच्यात मोजला जात नाही.

मध्येच खंड पडला तर

पडणार. आजारपण येतं, लग्नसराई येते, परीक्षा येतात, आणि कधी काहीच कारण नसताना महिना जातो. अशा वेळी आपण स्वतःला बोल लावतो, आणि त्या लाजेने चॅनलचं पान उघडणंच टाळतो. कार्लटन विद्यापीठातल्या वोल, पिचिल आणि बेनेट यांनी २०१० मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. मला हे आधी विचित्र वाटलं. आपल्याकडे तर ‘लाज वाटली पाहिजे’ हाच उपाय. पण स्वतःचं बघितलं तर पटलं: ज्या महिन्यांत मी स्वतःला जास्त बोलले, तेच महिने रिकामे गेलेत.

परत येताना ‘एवढे दिवस दिसले नाही त्याबद्दल माफी’ असा व्हिडिओ करू नका. कुणी वाट बघत बसलेलं नसतं, आणि ज्याला गवारीची भाजी हवीय त्याला तुमची माफी नको असते. सरळ गवार मोडायला घ्या.

आणि हा हट्ट फक्त व्हिडिओपुरता नसेल, झोप उडाली असेल, कुठलंच काम हातून सुटत नसेल, छातीत धडधड होत असेल, तर त्याला माझ्या वहीची आणि यादीची मात्रा लागू पडणार नाही. भारत सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं. तिथे बोला किंवा डॉक्टरांकडे जा.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा: मोबाईलमध्ये पडलेल्या व्हिडिओंना ती ‘कुणाला कळणार नसेल तर’वाली कसोटी लावा, ‘हो’ आलेल्यांतला सर्वांत छोटा निवडा, आणि येत्या रविवारी सकाळी नऊची वेळ टाकून शेड्यूल करा. नऊ वाजता तुम्ही पोहे करत असाल तर उत्तम.

माझ्या चकलीच्या व्हिडिओत ती फरशी शेवटी तशीच राहिली. दुसऱ्या दिवाळीला तो पुष्कळ पाहिला गेला. फरशीबद्दल आजवर एकच कमेंट आलीय: ‘ताई, आमच्याकडेही इथेच तडकलीय, खाली सिलिंडर ठेवता का?’ ठेवतो.